शिडाच्या होड्यांचं तैलचित्र: टिपण किनाऱ्यावर, कॅनव्हास नागपुरात

आपल्याकडच्या समुद्रचित्रांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. शीड एका फोटोतलं, लाटा दुसऱ्या फोटोतल्या, आकाश संध्याकाळचं आणि पाणी दुपारचं. तुकडा तुकडा बघितला तर सगळं नीट रंगवलेलं असतं, पण होडी पाण्यात बसत नाही, कापून चिकटवल्यासारखी दिसते. मग चित्रकार रंग बदलत राहतो, फेस वाढवतो, आणखी एक ढग काढतो. दोष रंगात नसतोच. चित्रात वारा एक नसतो, उजेड एक नसतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची एक नसते.

मुंबईचा किंवा कोकणचा किनारा नागपूरहून आठशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. अडलं की उद्या पुन्हा जाऊन बघून येऊ, अशी सोय आपल्याला नाही. म्हणून या तीन गोष्टी किनाऱ्यावर कशा टिपायच्या, घरापर्यंत कशा आणायच्या आणि कॅनव्हासवर कोणत्या क्रमानं उतरवायच्या, हे पायरीपायरीनं पुढे दिलं आहे. क्रम मोडू नका. बहुतेक चित्रं क्रम मोडल्यामुळेच बिघडतात.

## १. निघण्यापूर्वी

हंगाम. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि पावसाळ्यात बहुतेक होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. हवा कोरडी असते आणि परतल्यावर नागपुरातही रंग चांगला वाळतो.

तिकीट काढायच्या आधी एक फोन करा. शिडाच्या होड्या आता सगळीकडे दिसत नाहीत, मासेमारी बहुतांश इंजिनावर चालते. जिथे उतरणार आहात तिथल्या यजमानाला सरळ विचारा: शिडाची होडी निघते का, किती वाजता, कुठून दिसते? मुंबईत गेटवेच्या परिसरात पावसाळ्यानंतर हौशी लोकांच्या शिडाच्या नौका दिसतात. कोकणात उलांडीच्या, म्हणजे तोल राखायला बाजूला लाकूड जोडलेल्या, होड्या आहेत, पण त्यांतल्या सगळ्यांवर शीड असेलच असं नाही.

सूर्याची बाजू. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, होडीवर समोरून उजेड पडतो, रंग स्पष्ट दिसतात, पण घडण सपाट वाटते. दुपारी चारनंतर सूर्य समोर येतो आणि होड्या गडद आकार होऊन उभ्या राहतात. गेटवेला बरोबर उलटं आहे, कारण तो मुंबईच्या पूर्वेच्या अंगाला, बंदराकडे तोंड करून आहे. तिथे सूर्य सकाळी होड्यांच्या मागून येतो. तुम्हाला कोणतं चित्र हवं आहे हे नागपुरातच ठरवा आणि त्याप्रमाणे जागा आणि वेळ निवडा.

पाट्या. प्रवासात कॅनव्हास नेऊ नका. हार्डबोर्डच्या ६ × ८ इंचांच्या पाट्या कापून घ्या. त्यांना अॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात द्या, दोन हातांच्या मध्ये बारीक सँडपेपर फिरवा आणि तीन दिवस वाळू द्या. भिंतीचा डिस्टेंपर लावलेली पाटी स्वस्त पडते, पण ती तेल भसाभसा पिते आणि वरचा रंग पुढे पावडरीसारखा सुटतो. घरी फेव्हिकॉल आणि खडूची पूड मिसळून लेप करणाऱ्यांनी फेव्हिकॉलचं प्रमाण जपावं. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला तर तैलरंग त्यावर घट्ट धरत नाही.

रंग. सात पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन आणि एक टिकाऊ गुलाबी-लाल. जुना अलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडतो, त्याऐवजी क्विनाक्रिडोन घ्या. काळी ट्यूब घरी ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद रंग मिळतो, तो होडीच्या सावलीला काळ्यापेक्षा कितीतरी चांगला. पांढऱ्याच्या ट्यूबवर काय लिहिलं आहे ते वाचून घ्या. झिंकचं प्रमाण जास्त असलेला पांढरा पुढे ठिसूळ होतो आणि तडकतो.

तेल. विदर्भात जवस पिकतो, घाण्याचं ताजं तेलही मिळतं, आणि तेच रंगात घालायचा मोह होतो. घालू नका. त्यात चिकट द्रव्यं राहिलेली असतात, ते जास्त पिवळं पडतं. चित्रकारांसाठीचं शुद्ध केलेलं जवसाचं तेल वेगळं मिळतं, सीताबर्डीत रंगसाहित्याच्या दुकानात मागा. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ तेल लाकडी दारं-खिडक्यांसाठी असतं, त्यात रंग लवकर सुकवणारी द्रव्यं घातलेली असतात आणि ते काळपटतं.

सावधान: टर्पेंटाइन रेल्वेत नेता येत नाही. ते ज्वलनशील आहे आणि धोकादायक वस्तू गाडीत नेल्याबद्दल रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. छोटी बाटली आहे म्हणून चालेल, असं नसतं. किनाऱ्यावर टर्पेंटाइनशिवायच काम करा: रंग ट्यूबमधून येतो तसाच वापरा, ब्रश चिंधीनं पुसा, मग करडईच्या तेलात बुचकळून पुन्हा पुसा आणि रात्री साबणानं धुवा. करडईचं तेल फक्त पुसायला. रंगात ते फार हळू वाळतं.

जायच्या आधी अंबाझरीला किंवा फुटाळ्याला दोन-तीन सकाळी बसून पाण्यातली प्रतिबिंबं रंगवून बघा, हात तयार होतो. पण तलावाला समुद्राचा फुगारा नसतो, त्यामुळे तिथली लांबलचक, शांत प्रतिबिंबं डोक्यात धरून समुद्राकडे जाऊ नका.

## २. किनाऱ्यावरचा पहिला तास: रंग उघडायचा नाही

ही पायरी सगळे वगळतात. समुद्र दिसला की पॅलेट बाहेर येतं. आधी एका कार्डावर पाच गोष्टी लिहा: वेळ, सूर्य कुठे आहे, वारा कुठून येतो आहे, भरती आहे की ओहोटी, आणि तुमचा डोळा पाण्यापासून किती उंचीवर आहे.

डोळ्याची उंची हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. तुम्ही पाण्याच्या काठाशी उभे असाल आणि डोळा पाण्यापासून दीड मीटरवर असेल, तर समोरच्या प्रत्येक होडीला क्षितिजरेषा पाण्यापासून दीड मीटरवरच कापते. जवळची होडी असो की दूरची. डोलकाठी सहा मीटर असेल तर क्षितिज तिच्या खालच्या चौथ्या भागावर येतं, आणि हे प्रमाण सगळ्या होड्यांना सारखं.

आता किल्ल्याच्या तटावर चढा. डोळा पाण्यापासून वीस मीटरवर गेला की सहा मीटरच्या डोलकाठीची होडी पूर्णपणे क्षितिजाच्या खाली राहते, तिच्या टोकावरही पाणीच दिसतं. एका चित्रात एक होडी क्षितिज कापते आणि शेजारची तशीच होडी सगळी पाण्याच्या पट्ट्यात बुडालेली, असं झालं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलं आहे हे लगेच कळतं.

वारा. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, दोन्ही कानांना सारखा आवाज आला की दिशा सापडली. कार्डावर बाण काढा. शिडाचा फुगार वाऱ्याच्या पुढच्या अंगाला असतो आणि चालती होडी वाऱ्यापासून दूरच्या बाजूला कलते. दोन होड्या उलट दिशांनी जात असल्या तरी दोन्ही एकाच बाजूला कललेल्या दिसतील. नांगरलेल्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, मात्र वाऱ्याकडे किंवा पाण्याच्या ओढीकडे वळलेली असते. आणि कोणतीही शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही. समोरून वारा आणि पुढे फुगलेलं शीड, ही जोडी फोटोंच्या कातरकामातूनच जन्माला येते.

कोकणात हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. म्हणजे सकाळी काढलेलं शीड आणि दुपारी काढलेलं शीड विरुद्ध दिशांना फुगलेलं असू शकतं. दोन्ही टिपणं खरी, पण एका कॅनव्हासवर ती एकत्र येता कामा नयेत.

भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल याच वेळी तरंगणारी होडी दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी वाळूवर बसलेली सापडेल. त्याच जागी पुन्हा बसायचं असेल तर घड्याळाबरोबर भरतीचाही हिशेब ठेवा. कोळी बांधवांना विचारा, त्यांना तो तोंडपाठ असतो.

यानंतर पेन्सिल घ्या आणि एकाच होडीची बांधणी समजून घ्या. नाळ किती उचललेली आहे, डोलकाठी सरळ आहे की पुढे झुकलेली, त्रिकोणी शिडाची आडवी काठी कुठून कुठे जाते. आपल्या पारंपरिक होड्यांची डोलकाठी बहुधा पुढे झुकलेली असते आणि आडव्या काठीचं पुढचं टोक नाळेकडे खाली, मागचं टोक उंच असतं. सवयीनं हात डोलकाठी सरळ उभी काढतो आणि होडी एकदम परकी दिसायला लागते. प्रत्येक दोर कुठे बांधला आहे, कशासाठी आहे, हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारून चित्राशेजारी लिहा. जो दोर कशासाठी आहे हे माहीत नाही, तो चित्रात काढू नका.

तपासा: कार्डावरच्या पाचही गोष्टी लिहून झाल्या का? एकही राहिली असेल तर रंग उघडू नका.

## ३. रंगाचा छोटा अभ्यास: चाळीस मिनिटं

एका पाटीला चाळीस मिनिटं, फार तर पन्नास. त्यानंतर उजेड बदललेला असतो आणि तुम्ही दुसऱ्याच वेळेचं चित्र जुन्या चित्रावर काढायला लागता.

या पाटीवर चित्र पुरं करायचं नाही, नाती टिपायची आहेत. आकाश क्षितिजाजवळ किती उजळ, त्याच्यापुढे पाणी किती गडद, शीड त्या आकाशापेक्षा उजळ की गडद, होडीच्या लाकडात निळं किती आणि तपकिरी किती. डोळे किलकिले करून बघा आणि सगळ्यात उजळ, सगळ्यात गडद अशा दोन जागा आधी ठरवा. मग चार-पाच मोठे ठिपके शेजारी शेजारी लावा. तपशिलाला पेन्सिलीचं चित्र आहे.

पाण्याबद्दल स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी बऱ्याचदा हिरवट-करडं, गढूळ असतं. ट्यूबमधला निळा जसाच्या तसा लावला की कोकण जातं आणि कॅलेंडर येतं. अल्ट्रामरीन, थोडं व्हिरिडियन, त्यात यलो ओकर आणि पांढरा, इथून सुरुवात करा.

अभ्यास झाल्यावर फोटो काढा, आधी नाही. फोन शीड आणि आकाश दोन्ही पांढरंफटक करतो किंवा होडीची सावली काळी करून टाकतो, म्हणून फोटो बांधणीसाठी ठेवा आणि रंगासाठी पाटी. क्षितिज फोटोच्या मधोमध येऊ द्या, कडेला गेलं की रुंद भिंगात ते वाकतं. प्रत्येक जागेचा एक फोटो कार्ड हातात धरून काढा. घरी आल्यावर कोणता फोटो कोणत्या वाऱ्याचा, हे शोधत बसावं लागत नाही.

## ४. ओल्या पाट्या नागपूरपर्यंत

तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. त्यामुळे तीन दिवसांच्या प्रवासात जाड रंग वाळेल ही आशा सोडा. एकाच मापाच्या दोन पाट्या समोरासमोर धरा, चारही कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे ठेवा आणि बाहेरून दोन रबरबँड आणि क्लिपा लावा. रंग रंगाला लागत नाही. हा जोड पिशवीत उभा ठेवा. वर्तमानपत्रात किंवा प्लास्टिकमध्ये ओली पाटी गुंडाळली की वरचा थर कागदाबरोबर निघून येतो.

तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून पिशवीत कोंबू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगाऱ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेटू शकतात. आपल्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. एकेक चिंधी मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा. घरीही हाच नियम.

## ५. घरी आल्यावर: आधी निवड

सगळी टिपणं जमिनीवर मांडा आणि त्यांतून एक कार्ड निवडा. त्या कार्डाचा वारा, उजेड आणि डोळ्याची उंची म्हणजे तुमचं चित्र. बाकीच्या टिपणांतून होडीची बांधणी, दोर, माणसाची बसण्याची ढब घ्यायला हरकत नाही, पण उजेड, फुगार आणि कल या कार्डाप्रमाणे बदलून घ्यायचा. आयवाझोव्स्कीसारखा समुद्रचित्रकार लाटा स्टुडिओत, आठवणीतून रंगवायचा. समुद्र समोर नसणं ही अडचण नाही, नीट न बघणं ही आहे.

हाताएवढ्या कागदावर तीन छटांत, म्हणजे उजळ, मधली, गडद अशी, तीन-चार मांडण्या करून बघा. क्षितिज कागदाच्या बरोबर मध्यावर आलं की आकाश आणि पाणी एकमेकांशी भांडतात, एकाला जास्त जागा द्या. होड्या एकसारख्या अंतरावर ओळीनं उभ्या करू नका. दोन एकमेकींवर थोड्या चढलेल्या आणि एक दूर, अशी मांडणी बहुतेक वेळा जमते.

कॅनव्हासचं प्रमाण पाटीच्या प्रमाणाशी जुळवा. ६ × ८ ची पाटी १८ × २४ इंचांच्या कॅनव्हासवर सरळ तिप्पट होते. पाटी एका प्रमाणाची आणि कॅनव्हास लांबट घेतला, तर उरलेल्या जागेत काय भरायचं हा प्रश्न येतो आणि तिथेच नको तो समुद्रपक्ष्यांचा थवा उगवतो.

## ६. रेखाटन

कॅनव्हासवर बर्न्ट सिएना आणि यलो ओकरचा अगदी पातळ हात टर्पेंटाइनमध्ये फिरवून पुसून घ्या आणि वाळू द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद भासतो आणि शीड किती उजळ ठेवायचं याचा अंदाज चुकतो.

क्षितिजरेषा कडेपासून दोन्हीकडे मोजून, पट्टीनं काढा. नजरेनं काढलेलं क्षितिज एक-दोन मिलिमीटरनं उतरतं आणि सगळा समुद्र एका बाजूला सांडतो.

होड्यांची मापं आता आकड्यांनी काढता येतात. डोळा दीड मीटरवर आणि डोलकाठी सहा मीटरची असेल, तर होडीची पाणरेषा जिथे ठेवाल तिथून क्षितिजापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच्या चौपट डोलकाठी काढा. जवळच्या होडीला हे अंतर ३ सेंमी असेल तर डोलकाठी १२ सेंमी. दूरच्या होडीला अंतर अर्धा सेंमी असेल तर डोलकाठी २ सेंमी. या एका हिशेबानं सगळ्या होड्या एकाच समुद्रात येतात.

तपासा: चित्र आरशात बघा. क्षितिज उतरलं असेल, होडी वाऱ्याच्या बाजूला कलली असेल, तर आरशात लगेच दिसतं. रंग लावल्यावर हे दुरुस्त करणं अवघड.

## ७. पहिला थर: पातळ, कोरडा

पहिल्या थरात रंग आणि थोडं टर्पेंटाइन, तेल नाही. दुसऱ्या थरात ट्यूबमधला रंग जसा आहे तसा. शेवटच्या थरात लागलंच तर चार थेंब तेल. प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट. हे उलटं केलं की वरचा कोरडा थर आधी घट्ट होतो, खालचा तेलकट थर हळूहळू वाळताना हलतो आणि वर्ष-दोन वर्षांत भेगा पडतात.

टर्पेंटाइनही बेतानं. रंग पाण्यासारखा केला तर त्याला धरून ठेवणारं तेल उरत नाही. थर वाळल्यावर कोरड्या कापडानं हलकेच पुसा, कापडाला रंग लागला तर तुम्ही फार पातळ केलं होतं.

या थरात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनानं फक्त गडद-उजळ मांडा. बर्न्ट सिएनासारखे मातीचे रंग लवकर वाळतात, म्हणून ते खाली.

खोलीबद्दल दोन गोष्टी. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी, मग बाहेर कितीही ऊन असो. आणि एप्रिल-मे महिन्यांत कॅनव्हास कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. कूलर दमट हवा, धूळ, कधी पाण्याचे बारीक थेंब घेऊन येतो, आणि ताट्यांची कुसळं ओल्या आकाशात जाऊन बसतात. कूलर चालू असलेल्या खोलीत ईझल बाजूच्या भिंतीला लावा. अशा दिवसांत टर्पेंटाइन वाटीतून भराभर उडतं, थोडं थोडं ओता.

## ८. आकाश आणि क्षितिज

आकाश आधी, आणि शक्यतो एका बैठकीत. पाण्यावरचा सगळा उजेड आकाशातून येतो, त्यामुळे आकाश ठरल्याशिवाय पाण्याचा एकही खरा रंग ठरत नाही. वरून खाली येताना रंग उजळ आणि थोडा ऊबदार होत जातो. शिडाच्या जागी आकाश पातळ लावून पुढे न्या. शीड वगळून भोवतीनं रंगवत गेलात तर कडेला वळ उठतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

क्षितिजाजवळचं पाणी बहुतेक वेळा त्याच्यावरच्या आकाशापेक्षा गडद असतं. दूरच्या लाटांची आपल्याकडे वळलेली अंगं क्षितिजाजवळचं नव्हे, वरचं आकाश दाखवत असतात. रेषा मात्र चाकूनं कापल्यासारखी ठेवू नका. रंग ओला असताना कोरडा मऊ ब्रश आडवा, हलकेच, एकदा फिरवा. एकदाच.

## ९. होडी आणि शीड

इथे सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात, आणि कारण एकच: शीड म्हणजे पांढरं, असं मनात धरलेलं असतं.

सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर शीड उजळ असतं, पण शुद्ध पांढरं नाही. त्यात ओकरचा कण घाला आणि टायटॅनियम व्हाइट फक्त एका कडेच्या तिरिपेसाठी राखून ठेवा. सूर्य शिडाच्या मागे असेल तर दोन गोष्टी घडू शकतात. पातळ सुती कापडातून उजेड आरपार येतो, शीड आतून पिवळसर-नारिंगी उजळतं आणि डोलकाठीची सावली, कापडाचे जोड त्यातून दिसतात. शीड जाड किंवा ताडपत्रीचं असेल तर ते मागच्या उजळ आकाशापेक्षा चांगलंच गडद, निळसर-करडं दिसतं. तुमच्या पाटीवर काय आहे ते बघा आणि तेच लावा. मागून उजेड आणि तरीही पांढरंशुभ्र शीड, असं प्रत्यक्षात कधी होत नाही.

शीड सपाट पत्र्यासारखं रंगवू नका. फुगाराचा मधला भाग आणि कड यांची छटा वेगळी असते, आणि ही छटा हळूहळू बदलते. सुरकुत्या कमी काढा. वारा भरलेल्या शिडाला ताण असतो, सुरकुत्या फक्त दोर जिथे ओढतो त्या कोपऱ्यांतून निघतात.

होडीचं अंग खाली पाण्याला टेकतं तिथली कड सगळीकडे सारखी कडक ठेवली की होडी पाण्यावर ठेवलेली दिसते, बुडलेली नाही. एका-दोन जागी लाटेला तिच्यावर चढू द्या, एक जागा ओल्या रंगातच विरघळू द्या.

तपासा: सहा-सात पावलं मागे जा. होडी किती उंच, वारा कुठून, सूर्य कुठे, हे तिन्ही न सांगता कळतं का? कळत नसेल तर पाण्याकडे जाऊ नका, आधी शीड दुरुस्त करा.

## १०. पाणी आणि प्रतिबिंब

दूरचं पाणी आकाश दाखवतं, पायाजवळचं पाणी स्वतःचा रंग आणि तळ दाखवतं, कारण तिथे आपण वरून आत बघतो. म्हणून एकच निळा सगळीकडे पसरवू नका. क्षितिजाकडून आपल्याकडे येताना रंग हिरवट आणि खोल होत जातो, आणि लाटांचे पट्टे रुंद होत जातात. पुढच्या आणि दूरच्या लाटा सारख्या उंचीच्या काढल्या की समुद्र भिंतीसारखा उभा राहतो.

प्रतिबिंबाचे नियम थोडे आहेत, पण तेच सर्रास मोडले जातात. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली, बघणाऱ्याकडे येतं. सावली सूर्याप्रमाणे तिरकी जाते, प्रतिबिंब जात नाही. डोलकाठी उजवीकडे कललेली असेल तर तिचं प्रतिबिंबही पाण्यात उजवीकडेच जातं. बरेच जण तीच रेषा सरळ खाली वाढवून डावीकडे नेतात. उजळ वस्तूचं प्रतिबिंब थोडं गडद, गडद वस्तूचं थोडं उजळ. आणि खवळलेल्या पाण्यात शिडाचं प्रतिबिंब जवळजवळ नसतंच, काही तुटक उजळ फटकारे पुरतात. शीड फुगवणारा वारा पाणीही हलवतो, तेव्हा भरलेलं शीड आणि खाली आरशासारखं प्रतिबिंब एकत्र काढू नका.

फेस शेवटी, आणि थोडा. वाऱ्याच्या दिशेनं.

## ११. दोर आणि बारकावे

चित्र पूर्ण वाळल्यावर, लांब केसांच्या बारीक ब्रशनं, रंगात थोडं तेल घालून. मनगट न टेकता खांद्यातून एका ओढीत दोर काढा. डगमगला तर लगेच चिंधीनं पुसा, खालचा थर वाळलेला असल्यामुळे काही बिघडत नाही. दूरच्या होड्यांना दोर काढूच नका, तेवढ्या अंतरावरून ते दिसत नाहीत.

## १२. वाळवणं आणि वार्निश

चित्र कपाटामागे किंवा पलंगाखाली वाळवू नका. अंधारात जवसाचं तेल जास्त पिवळं पडतं आणि आकाश पहिल्यांदा बिघडतं. उजेड हवा, पण थेट ऊन नको. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो आणि मागच्या बाजूला बुरशी धरते, म्हणून भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या.

वाळताना काही गडद भाग मंद, पांढुरके दिसायला लागतात. त्यांवर नवा रंग थापू नका. बोटावर तेलाचा एक थेंब घेऊन तिथे चोळा आणि लगेच कोरड्या कापडानं पुसून टाका, रंग परत येतो.

पारंपरिक वार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबा, जाड रंगाला वर्ष. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मारलेलं वार्निश ओल्या रंगात मिसळतं आणि पुढे ते काढायला गेलं की रंगही निघतो. थांबणं पुरेसं झालं का हे कळायला गडद कोपऱ्यात टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवा. कापसाला रंग लागला तर आणखी दोन महिने जाऊ द्या. लागला नाही तर कोरड्या हवेचा दिवस निवडा, पंखा आणि कूलर बंद करा, कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवा आणि रुंद ब्रशनं एका दिशेनं पातळ हात द्या. ओलसर जागेवर पुन्हा ब्रश नेऊ नका. दुसरा हात द्यायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी, आधीच्या हाताला काटकोनात.